उताऱ्यात लिहिलंय तेवढंच

मला सगळं कळतं, ही माझी जुनी खोड. कुणी वाक्य सुरू केलं की त्याचा शेवट मी करते. आमच्या कचरा वेगळा करायच्या शेडमध्ये सगळे मला ‘शहाणी’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत हेही मला कळतं. म्हणोत बापडे. सोळा वर्षं पट्ट्यावर उभी आहे मी. समोरून कचरा सरकत येतो आणि हात आपोआप चालतात. पुठ्ठा डावीकडे, बाटली उजवीकडे, पत्र्याचे डबे पुढच्या लोहचुंबकासाठी सोडून द्यायचे, आणि सेल, इंजेक्शनच्या सुया, फुटक्या ट्यूबलाइट दिसल्या की लाल डब्यात. एक पिशवी फोडली की त्या घराची अख्खी हकीकत सांगते मी. कुणाकडे बाळ आलंय, कुणी सिगारेट सोडल्याच्या थापा मारतोय, सगळं.

एवढं कळणारी बाई पाळीप्रमुखाच्या परीक्षेत दोनदा आपटली होती.

पट्टा किती वेगाने चालवायचा, कधी थांबवायचा, कुणी कुठे उभं राहायचं, हे आमच्याकडे पाळीप्रमुख ठरवतो. आणि आजवर जे जे पाळीप्रमुख आले ते बाहेरून आले. एकानेही कधी हातमोजे घातले नव्हते. शेवटचा तर पट्टा असा पळवायचा की काच दिसेपर्यंत ती हातात रुतलेली असायची, आणि आम्ही ओरडलो की म्हणायचा, “चष्मा लावा.” तो निवृत्त झाला आणि जागा रिकामी झाली. आमच्या शेडमधून परीक्षेला बसणारी मी एकटीच. मी पास झाले तर जागा माझी, नापास झाले तर पुन्हा बाहेरून कुणीतरी आणणार. परीक्षेला तीनदाच बसता येतं, आणि ही माझी तिसरी खेप होती. ती जागा मला नुसती हवी नव्हती, माझा जीव अडकला होता तिच्यात.

पेपरात यंत्रांचे प्रश्न असतात, सुरक्षेचे असतात, ते मला डाव्या हाताचे खेळ. मी मार खायची ती ‘उताऱ्यावरून अनुमान’ या भागात. चार ओळींचा उतारा देतात आणि विचारतात, यावरून नक्की काय निघतं? पहिल्या खेपेला उतारा होता, ‘एका कारखान्यात सगळे कामगार रोज वेळेवर येतात.’ मी समासात लिहिलं, ‘असा कारखाना नसतो.’ दुसऱ्या खेपेला समासात काही लिहिलं नाही, पण उत्तरं मात्र माझ्या अनुभवाने दिली. वीसपैकी सहा.

“तुला कमी येतं म्हणून नाही, जास्त येतं म्हणून नापास करतात,” आमचे हे म्हणाले. हे शेजारच्या आवारात भट्टीवर कामाला आहेत. आमच्या पट्ट्यावरून जे सुटतं ते ट्रकने भट्टीत जातं, तिथे जळतं, आणि मागे राहिलेली राख हे टँकरमध्ये भरतात. म्हणजे आमच्या घरात कचरा दोन्ही बाजूंनी येतो, असं माझी मुलगी माहेरी आली की म्हणते.

शेवटी मी वन्संकडे गेले. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, मागच्या गल्लीत राहतात, तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे मोठमोठे लोक अजून पाठ ताठ करून बसतात. त्यांनी माझे दोन्ही जुने पेपर वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अगं, तुला येत नाही असं नाही. तुला थांबता येत नाही.”

दर रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शाळा भरायला लागली.

“ऐक. ‘या इमारतीतल्या प्रत्येक घरात मांजर आहे. शिंपी या इमारतीत राहतो.’ काय निघतं?”

“मांजराने शिंप्याच्या धाग्यांची वाट लावली असणार.”

“कप्पाळ! शिंप्याच्या घरात मांजर आहे. बस्स. पुढे एक अक्षर नाही.”

“पण वन्सं, मांजर म्हटलं की धागे—”

“धागे उताऱ्यात आहेत का?”

“नाहीत.”

“मग तुझ्या तोंडातही नकोत. उताऱ्यात लिहिलंय तेवढंच. तुझं शहाणपण दाराबाहेर काढून ठेवायचं, मग आत यायचं.”

मला राग यायचा. अहो, सोळा वर्षं घालवून मिळवलेलं शहाणपण, ते काय दाराबाहेर ठेवायला? कुणी नेलं तर? पण तिसरी खेप होती, गरज होती, म्हणून मी जीभ आवरायला शिकले. आणि खरं सांगू, तीन-चार रविवारांनंतर मला त्यात मजा यायला लागली. घरात तर मी उच्छाद मांडला. हे म्हणायचे, “मी आलो की तू फोन ठेवतेस, म्हणजे माझ्याच तक्रारी चाललेल्या असतात.”

“निघत नाही,” मी म्हणायची. “कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.”

“मग कुणाच्या तक्रारी चालल्या होत्या?”

“तुमच्याच. पण तुम्ही सांगितलंत त्यावरून ते निघत नाही.”

हे हात जोडायचे आणि जेवायला बसायचे. चांगले दिवस होते ते. पन्नाशीला आलेली बाई नवीन काहीतरी शिकतेय, नवरा कंटाळल्याचं नाटक करतोय आणि दुसऱ्या खोलीतून कान देऊन ऐकतोय, आणखी काय पाहिजे?

परीक्षेच्या दिवशी यंत्रांचा भाग मी अर्ध्या तासात उडवला. अनुमानाचे एकोणीस प्रश्न शहाणपण बाहेर ठेवून, नाकासमोर बघून सोडवले. विसावा उतारा वाचला आणि मला हसू फुटलं. पर्यवेक्षकाने मान वर करून पाहिलं.

‘एका शहरात रोजचा सगळा कचरा भट्टीत जाळला जातो. उरलेल्या राखेत विषारी धातू असतात. पुढच्या वर्षापासून कचऱ्यातल्या काही वस्तू वेगळ्या काढून पुन्हा वापरात आणल्या जातील आणि त्यामुळे भट्टीत जाणारा कचरा वजनाने निम्मा होईल. यावरून कोणते विधान नक्की निघते?’

अगं बाई, हा तर माझाच उतारा! मी, हे, आमचं सगळं घरच त्या चार ओळींत होतं. खाली चार पर्याय होते. ‘अ’ म्हणत होता, राखेतले विषारी धातू निम्मे होतील. ‘ब’ म्हणत होता, राखेतले धातू मुळीच कमी होणार नाहीत. ‘क’ काहीतरी भलतंच, जाळण्यापेक्षा वेगळं करणं सोपं पडतं वगैरे. आणि ‘ड’ होता, पुढच्या वर्षापासून शहरातला काही कचरा भट्टीत जाणार नाही.

माझा हात सरळ ‘ब’कडे गेला. का नाही जाणार? लोक पुठ्ठा आणि बाटल्या वेगळ्या देतात आणि ज्यांच्यात विष असतं ते सेल काळ्या पिशवीत, उष्ट्याखरकट्यात गुंडाळून टाकतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पेन कागदाला टेकलंसुद्धा. तेवढ्यात कानात वन्संचा आवाज आला, सेल उताऱ्यात आहेत का? नव्हते. मी पेन उचललं. मग ‘अ’? तेही लिहिलेलं नव्हतं. ‘ड’ एवढा साधा होता की शेंबड्या पोराने सांगावा. सगळा कचरा जळत होता, आता निम्माच जळणार, म्हणजे काही जळणार नाही. याला काय परीक्षा म्हणायची? पण तेवढंच निघत होतं. मी दात-ओठ खाऊन ‘ड’वर खूण केली आणि बाहेर आले.

निकाल लागला. पास व्हायला साठ गुण हवे होते, मला एकोणसाठ मिळाले.

मी फलकासमोरच रडले. लपवून काय करायचं? एक गुण! शेजारी उत्तरांची यादी लावली होती, ती मी डोळे पुसत बोटाने वाचत गेले. विसाव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं होतं ‘अ’. रडू तिथल्या तिथे थांबलं आणि डोकं तापलं. यादीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, हरकत असल्यास तीन दिवसांत लेखी कळवावी.

घरी येऊन सांगितलं तर यांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, “तो प्रश्न आमच्या साहेबांनी काढलाय. भट्टीच्या इंजिनियरांनी. कँटीनमध्ये स्वतःच सांगत होते.”

“मग?”

“मग काय! पाण्यात राहून माशाशी वैर करायचं?”

“पाण्यात तुम्ही आहात. मी काठावर उभी आहे.”

“आणि तुझा नवरा कुठल्या पाण्यात आहे ते?”

मला त्यांचंही खरं वाटत होतं. साहेब रागावले तर त्रास यांना होणार, मला नाही. पण ही शेवटची खेप होती, आणि उत्तर बरोबर असताना गप्प बसायचं म्हणजे जन्मभर पट्ट्यावर उभं राहून स्वतःलाच खायचं. यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उठले, कपाटातून कोरा कागद आणि चांगलं पेन काढलं. “बस इथे, मी लिहितो. तुझं अक्षर पाहून मास्तरही पळून जातील.” वन्संनी मजकूर सांगितला, तीनच ओळी. मी आणखी दहा ओळी सुचवल्या, त्या दोघांनी मिळून हाणून पाडल्या.

मंगळवारी अकरा वाजता मला बोलावलं. परीक्षा विभागाची लांबट खोली, फायलींनी भरलेली कपाटं, टेबलावर एक फोन, आणि पायाशी तुडुंब भरलेली कचऱ्याची टोपली. एका बाजूला परीक्षा विभागाच्या बाई बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला साहेब. किडकिडीत, हळू बोलणारे. मी भांडायच्या तयारीत गेले होते आणि त्यांनी उठून मला खुर्ची दिली. असली माणसं मला आवडत नाहीत, भांडायची पंचाईत होते.

“बाई, तुमचं ‘ड’ चूक नाहीच,” साहेब म्हणाले. “पण ते फार साधं आहे. ‘अ’ जास्त महत्त्वाचं आहे.”

“प्रश्नात महत्त्वाचं काय ते विचारलेलं नाही, साहेब. नक्की काय निघतं ते विचारलंय.”

“तेही नक्कीच आहे. कचरा निम्मा, म्हणून राख निम्मी, म्हणून राखेतले धातू निम्मे. साधं त्रैराशिक आहे.”

परीक्षेच्या बाईंनी मान डोलावली. मनात कळत होतं की हे चूक आहे, पण तोंडाने सांगता येईना. वन्संनी मला उतारा वाचायला शिकवलं होतं, इंजिनियराला उत्तर द्यायला नाही. आणि मी अशी अडकले की माझे हात चालायला लागतात, डोक्याच्या आधी. मला कळायच्या आत मी ती टोपली ओढून टेबलावर उपडी केली होती.

“अहो, अहो, बाई!” परीक्षेच्या बाई ओरडल्या.

मी थांबले नाही. कागदाचे बोळे डावीकडे, पुठ्ठ्याचे कप डावीकडे, जुन्या वर्तमानपत्रांची चळत डावीकडे. उजवीकडे उरलं थोडंसंच. केळ्याची सालं, चिकटपट्टी, पेन्सिलींचा भुगा, आणि भिंतीवरच्या घड्याळाचे दोन मेलेले सेल.

“साहेब, वेगळं करून झालं. वजनाने निम्मं निघालं की नाही?”

“निम्म्याहून जास्तच.”

“डावीकडे सेल किती गेले?”

साहेबांनी डावीकडचा ढीग चाळला. “एकही नाही.”

“मग उरलेलं भट्टीत घातलं तर राखेतलं विष निम्मं होईल?”

“पण असं होत नाही ना! तुमच्या शेडमध्ये सेल काढतात. लाल डब्यात. मी स्वतः पाहिलंय.”

“काढतो. ते उताऱ्यात लिहिलंय का?”

साहेबांनी कागद उचलून पुन्हा वाचला. ओठ हलवत वाचला, मी वाचते तसाच.

“कदाचित त्या शहरातले लोक सगळे सेल वेचून काढतील, मग विष निम्म्याहूनही कमी होईल,” मी म्हटलं. आता बोलणं सुचत होतं. “कदाचित एकही काढणार नाहीत, मग होतं तेवढंच राहील. म्हणून तर ‘ब’वर टेकवलेलं पेन मी उचललं, साहेब. तुमचा उतारा दोन्हीला हो म्हणतो. तुम्हाला भट्टी माहीत आहे, म्हणून भट्टीतलं शहाणपण तुम्ही उताऱ्यात घेऊन आलात. मी याच चुकीपायी दोनदा नापास झालेय. ती मला लांबून ओळखू येते.”

परीक्षेच्या बाईंनी तोंडावर फाइल धरली. त्या हसत होत्या.

साहेब मात्र हसले नाहीत. “मान्य. उताऱ्यात नाही,” ते म्हणाले. “पण बाई, मी हवेत बोलत नाही. विष खरोखरच निम्मं झालंय. मी राख मोजतो.”

“शेवटची कधी मोजली, साहेब?”

मी टोमणा मारायला विचारलं नव्हतं, शपथेवर सांगते. पट्ट्यावर आम्ही एकमेकींना असंच विचारतो, सुया शेवटच्या कधी आल्या, काच कधी आली. साहेबांनी पिशवीतून वही काढली, पानं मागे उलटली, मग आणखी मागे. एका पानावर बोट थांबलं.

“तुमच्या शेडला दुसरा पट्टा बसला, त्याच्या आधी,” ते हळू आवाजात म्हणाले. “नंतर मोजली नाही. भट्टीत येणारा कचरा निम्मा झाला होता. म्हणून मी...” त्यांनी वही मिटली. “म्हणून मी आकडा निम्मा केला.”

मला त्यांची दया आली. एवढा शिकलेला माणूस, आणि माझ्यासारखाच अडकला होता. त्यांनी माझा पेपर पुढे ओढला, विसाव्या प्रश्नावरची फुली खोडली, शेजारी सही केली आणि एकोणसाठाचे साठ केले. परीक्षेच्या बाईंनी यादीत ‘अ’च्या जागी ‘ड’ लिहिलं, आणि बाकी कुणाचे गुण कमी करायचे नाहीत असा नियम आहे, तेही वाचून दाखवलं. मी खुर्चीला घट्ट धरून बसले होते.

“आता मला सांगा,” साहेब म्हणाले, “तुम्ही सोळा वर्षं कचरा पाहताय. राखेतलं विष निम्मं झालंय की नाही?”

मी तोंड उघडलं. उत्तर अगदी जिभेवर होतं, दोन-तीन उत्तरं होती.

“माहीत नाही, साहेब,” मी म्हटलं. “मोजावं लागेल.”

हे शब्द माझ्या तोंडून आजवर बाहेर पडले नव्हते. पण बोलून जाम बरं वाटलं.

साहेबांनी फोन ओढून नंबर फिरवला. “राख विभाग? हो, मीच. आज भरताय त्या राखेचा नमुना काढून ठेवा. प्रयोगशाळेत पाठवायचाय. आणि इथून पुढे दर महिन्याला.”

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. भट्टीच्या घरघरीत काम करणारे सगळेच ओरडून बोलतात, आणि हा आवाज तर मी सत्तावीस वर्षं ऐकतेय. “पण साहेब, आपलं विष निम्मं झालंय ना? आता हे मधेच कुणी काढलं?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“शेडच्या नव्या पाळीप्रमुखांनी.”

पलीकडे नुसती घरघर ऐकू येत राहिली. मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, या वेळी अगदी हळू, म्हणजे यांच्या मानाने हळू.

“साहेब, त्या तिथेच बसल्यात का? त्यांना म्हणावं, दोन बरण्या भरून काढतो. एकीवर त्यांचं समाधान व्हायचं नाही.”